छप्पर अर्धा मिलीमीटर वर

पावसाची भुरभुर चालू होती आणि पट्टीने छत्री घेतली नव्हती. विसरली नव्हती. छत्रीसाठी जिना चढून परत वर गेले तर धीर सुटेल, एवढीच भीती होती. म्हणून पर्स डोक्यावर धरून ती तशीच चौकातल्या त्या दुकानापर्यंत आली आणि निकालाच्या यादीत आपलं नाव शोधावं तशी काचेतून कपाटं न्याहाळू लागली.

पट्टी हे काही तिचं खरं नाव नव्हे. खिशात सदानकदा सहा इंची पोलादी पट्टी आणि बोलणंही तसंच, सरळ. म्हणून कारखान्यात सगळे तिला पट्टी म्हणायचे. कारखाना प्लास्टिकच्या छोट्या गाड्यांचा. म्हणजे आयत्या गाड्यांचा नव्हे, खोक्यांचा. खोका विकत घ्यायचा, आतले सव्वाशे भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढी हुबेहूब गाडी तयार. त्या भागांचे नकाशे काढणं हे पट्टीचं काम. नऊ वर्षं तिने दुसऱ्यांच्या गाड्यांची चाकं आणि आरसे काढले. या वेळी पहिल्यांदा अख्खी गाडी तिची होती, आणि ती आजच दुकानात आली होती.

गाडी जुनी, साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची, चार दारांची, पाठीवर गोल. लोक तिला कासव म्हणत.

दुकानात एकच गिऱ्हाईक होतं. त्या माणसाने कासवाचा खोका उघडून आतलं छप्पर प्लास्टिकच्या पिशवीसकट बाहेर काढलं होतं आणि पितळी मापकाच्या जबड्यात धरून तो ते उजेडाकडे नेत होता. दुकानदार काका गल्ल्यामागे कपाळाला हात लावून बसले होते.

"घेऊ नका," तो म्हणाला. मान वर न करता.

"मला म्हणालात?"

"दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही. काकांना सांगून उपयोग नाही, त्यांचं दुकान आहे. छप्पर वर आहे हिचं."

पट्टीला त्याच्या हातातून ते छप्पर हिसकावून घ्यावंसं वाटलं. पण तोंडातून भलतंच निघालं.

"किती?"

आता मात्र त्याने वर पाहिलं. लोक 'मग काय झालं' असं विचारतात. 'किती' कोणी विचारत नाही. चष्म्यामागचे त्याचे डोळे आधी चकित झाले आणि मग... मग जरा जास्तच वेळ तिच्यावर राहिले.

"अर्धा मिलीमीटर. किंचित जास्तच."

"म्हणजे खऱ्या गाडीत अर्धा इंच."

"तुम्ही मनातल्या मनात चोवीसने गुणलंत?"

"त्यात काय? तुम्ही नाही गुणत?"

"मी गुणतो. पण मला वाटायचं मी एकटाच वेडा."

काकांनी तिथूनच ओळख करून दिली. "हा चिमटा, बरं का. मासिकात नव्या खोक्यांवर लिहितो तो. हा दुकानात आला की माझा माल शिळा होतो."

चिमटा. पट्टीच्या ओल्या केसांतून एक थेंब मानेवर उतरला तो तिला थेट पाठीपर्यंत जाणवला. या टोपणनावाचं सदर ती कितीतरी वर्षं वाचत होती. प्रत्येक लेखाच्या शेवटी तो 'दोष' असं लिहून खाली यादी द्यायचा, आणि ती यादी आली की तिचे मॅनेजर दोन दिवस कोणाशी धड बोलत नसत. या गाडीच्या वेळी तर त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की पहिला हजाराचा लॉट जाऊ दे, चिमट्याने काही काढलं तर दुसऱ्या लॉटला साचा बदलून टाकू.

साचा बदलायचा! ते छप्पर तिने हवेतून काढलं नव्हतं. तिचे वडील पत्र्याचं काम करायचे, अपघातातल्या गाड्या ठोकून सरळ करायचे. कोणीतरी टाकून दिलेलं एक कासव आणून त्यांनी दोन वर्षं खपून उभं केलं होतं आणि मरेपर्यंत तेच चालवलं होतं. ते गेल्यावर गाडी गंजून मोडीत निघाली. ती जायच्या आधी पट्टीने बारा दिवस शेडमध्ये बसून, ओळंबा लावून, फीत लावून तिचा इंच न् इंच मोजला होता. दोन वह्या भरल्या होत्या. वडिलांचं आता जगात जे काही उरलं होतं ते त्या दोन वह्यांत होतं, आणि वह्यांतून या खोक्यात.

"तुमचंच माप चुकलं असेल," ती म्हणाली.

काका खुदकन हसले. चिमट्याचे कान लाल झाले, पण तो रागावला नाही. "असेल. मागच्या खोलीत टेबल आहे, रविवारी मी तिथे बसून बांधतो. तुम्ही या. दोघं मिळून बांधू, दोघं मिळून मोजू. मी चुकलो तर छापून माफी मागेन."

"आणि मी चुकले तर?"

"तर... चहा तुमच्याकडून."

आपण कोण ते तेव्हाच सांगायला हवं होतं. चार शब्दांचं काम. पण राग आला होता, आणि त्याचे ते लाल झालेले कान आवडलेही होते, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या की भल्याभल्यांची जीभ अडखळते. त्याने 'काय करता' विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लहानसहान वस्तूंचे नकाशे काढते." खोटं नव्हतं. हातचं राखून होतं इतकंच.

पहिल्या रविवारी त्यांनी भाग कापले. दुसऱ्या रविवारी घासले. मागच्या खोलीत एकच खिडकी, एक लांब टेबल, भिंतीला टेकलेले रिकामे खोके, आणि बाहेरच्या पत्र्यावर पावसाची टपटप. तो बोटांना पॉलिश पेपर गुंडाळून दारांच्या कडा घासायचा आणि कामाच्या गोष्टी सांगायचा. मासिक म्हणजे हौस. नोकरी सरकारी होती, वजनमाप निरीक्षकाची. गावोगाव दुकानांत जायचं, तराजू आणि वजनं तपासायची, बरोबर असतील त्यांवर शिक्का मारायचा.

"आणि चूक असतील तर?"

"तर जप्त. पण गंमत सांगू? कधीकधी एखाद्या वजनाबद्दल नुसती शंका येते. कडेला नवी घासल्याची खूण दिसते. मोजून बघावं तर बरोबर भरतं. तरी मी त्याच्यावर शिक्का मारत नाही."

"बरोबर असूनही?"

"एकदा शंका आली ना, की ते वापरायचं नाही. नाहीतर पुढचं प्रत्येक माप मोजताना तीच आठवते." मग तो हसला. "म्हणून तर कोणाच्या दुकानात मी पाणीसुद्धा पीत नाही. सदराचंही तसंच. खोका स्वतः विकत घेतो. कारखान्याच्या माणसाबरोबर एका टेबलाला बसत नाही. बसलो तर वाचकाने माझं का ऐकावं?"

पट्टीने मान खाली घालून बंपर घासला. इतका घासला की त्याची धार गेली.

"अहो, हळू. त्याने काय केलंय तुमचं?"

तिसऱ्या रविवारी मागचं दृश्य दाखवणारा आरसा उडाला. तांदळाच्या कणीएवढा भाग. हातातल्या चिमट्यातून टुणकन् सुटला आणि नाहीसा झाला.

"गेला," तो म्हणाला. "ही फरशी खाते. दरवर्षी माझ्याकडून चार-पाच भाग घेते."

दोघं गुडघ्यांवर बसले आणि टॉर्च घेऊन टेबलाखाली शोधू लागले. डोकं डोक्यावर आपटलं. "लागलं?" "नाही... तुम्हाला?" आणि मग कोणीच हललं नाही. टेबलाखाली पॉलिशचा, ओल्या कापडाचा आणि त्याच्या साबणाचा वास होता. त्याने हात पुढे केला. पट्टीने टॉर्च खाली ठेवला. त्याने तिच्या बाहीवरून दोन बोटांनी अलगद तो आरसा उचलला.

"इथे होता," तो म्हणाला.

"मग उठा की."

"उठतो... घाई आहे का?"

बाहेरून काका खाकरले. काकांचं टायमिंग नेहमीच वाईट.

रंग लावायची वेळ आली तेव्हा तो करडा डबा घेऊन आला. पट्टी म्हणाली, नको, वर दुधी आणि खाली शेवाळी. आणि डिकीच्या आत लाल.

"आत लाल? हे कुठे वाचलंत?"

"पाहिलं होतं. लहानपणी."

"अच्छा." त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता करडा डबा बाजूला ठेवला. चौथ्या रविवारी कधीतरी 'अहो' गळून पडलं. कोणाच्या तोंडून आधी गळलं यावरून मग दोघांत पाऊण तास वाद झाला.

छप्पर त्यांनी सोळा वेळा मोजलं. सोळाही वेळा अर्धा मिलीमीटर वर. त्याने आपली वही काढून दाखवली: फिरतीच्या नोकरीत भेटलेली चार कासवं, चार गावांतली, चारही छपरांची उंची सारखी. पट्टीकडे एकच कासव होतं. तेव्हा पहिल्यांदा तिला वाटलं, आपण एकाच गाडीवर विश्वास ठेवून बसलो. ती गाडी चुकीची असू शकते, हे मनातही आलं नाही. ते मनात येऊ न देण्याइतकी ती तिची होती.

त्याच चौथ्या रविवारी संध्याकाळी ती नुसता रंगवलेला सांगाडा घरी घेऊन आली. आई खिडकीशी बसली होती. पट्टीने गाडी तिच्या तळहातावर ठेवली आणि विचारलं, "आई, आपल्या गाडीचं छप्पर इतरांपेक्षा उंच होतं का गं?"

आईने गाडीवरून बोट फिरवलं आणि ती हसायला लागली. अशी हसली की तिला ठसका लागला.

"अगं, ती गाडी उलटी होऊन पडलेली होती. छप्पर चेपलेलं. ते म्हणाले, ठोकायचंच आहे तर माझ्या बायकोच्या मापाने ठोकतो. माझा अंबाडा लागायचा ना छताला. मला आत बसवलं, ताठ बस म्हणाले, आणि अंबाड्यावर बोट आडवं धरलं. एवढी जागा राहिली पाहिजे. बोटभर. तेवढ्यासाठी तीन वेळा पत्रा उतरवला त्यांनी."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस?" आईने नकळत डोक्यावर हात नेला. आता तिथे अंबाडा नव्हता. केस विरळ झाल्यापासून ती ते कापूनच टाकायची. "वेडा माणूस," ती म्हणाली, आणि गाडी बराच वेळ तिने परत दिली नाही.

पट्टी रात्री खूप रडली. चूक तिची होती, शंभर टक्के तिची. आणि त्या चुकीइतकी खरी गोष्ट त्या अख्ख्या गाडीत दुसरी नव्हती. चिमट्याने लेखात छप्पर वर आहे असं लिहिलं की साचा बदलणार, आणि ते बोटभर अंतर जगातून जाणार. त्याला सांगितलं तर? तर तो लिहायचा थांबेल, किंवा तिच्याकडे बघायचा थांबेल. दोन्हींपैकी एकही तिला नको होतं. म्हणून ती मूग गिळून बसली. आधी ती रागाने गप्प होती. आता प्रेमाने गप्प होती, आणि हे जास्त वाईट, हे तिला तेव्हाही कळत होतं.

पाचव्या रविवारी इंजिन बसलं, चाकं बसली. ती कमी बोलली. त्याने दोनदा विचारलं, "बरं नाही का?" तिने दोनदा सांगितलं, झोप झाली नाही.

सहाव्या रविवारी पुढची काच लावायची होती. काचेला वेगळा गोंद लागतो, संथ, पांढरा. हे पट्टीला झोपेतही माहीत. पण तिचा हात भलत्याच बाटलीवर गेला, झटपट सुकणाऱ्या. काच बसली, गाडी बंद झाली, आणि बघता बघता काचेवर आतून धुकं चढलं. त्या गोंदाची वाफ बंद जागेत अशीच पसरते. आतल्या जागा, स्टिअरिंग, सगळं पांढरं झालं.

"अरे देवा," ती म्हणाली. "पुसता येईल?"

"आतून आहे. पुसायचं तर गाडी फोडावी लागेल." तो गाडी डोळ्यांजवळ धरून हसला. "राहू दे. बाहेर थंडी आहे आणि आत दोघं बोलत बसलेत, असं समजू."

तिला हसू आलं नाही. त्याने गाडी खाली ठेवली आणि तो हातातल्या चिमट्याने टेबलावरचा एक प्लास्टिकचा कण इकडून तिकडे सरकवत राहिला.

"माझी बदली होणार आहे. दोन दिवसांच्या प्रवासाइतकं लांब. तिथे असं दुकान नाही. चोवीसने गुणणारंही कोणी नसणार." कण आणखी एकदा सरकला. "पुढच्या रविवारी तुला एक विचारायचं आहे. आज नको. आज गोंद ओला आहे..."

"गोंदाचा काय संबंध?"

"मलाही काही सुचत नाहीये, असं समज."

काय विचारणार ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आठवडाभर पट्टी तरंगत होती आणि बुडत होती. आरशात बघून हसायची आणि मध्येच थबकायची. 'हो' म्हणायचं तर ते पट्टीने म्हणायला हवं होतं, आणि त्याला तर पट्टी कोण ते ठाऊकच नव्हतं. मनात लबाडी ठेवून 'हो' म्हणणं तिच्याने होणार नव्हतं. मनाशी तिने ठरवलं, त्याने विचारायच्या आधी सांगायचं. मग विचारलं तर विचारलं.

सातव्या रविवारी त्याने नवा शर्ट घातला होता. घडीच्या खुणा अजून मोडल्या नव्हत्या.

"मी—" त्याने सुरुवात केली.

"थांब. आधी मी." तिने खिशातली पट्टी काढून टेबलावर ठेवली. तिच्या कडेवर कारखान्याचं नाव कोरलेलं होतं. "ही गाडी मी आखली."

"बांधलीस म्हण."

"आखली. छप्पर माझं आहे."

तो हसत होता, ते हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि हळूहळू निवलं. मग तिने सगळं सांगितलं. वडिलांची शेड, दोन वह्या, उलटी पडलेली गाडी, आईचा अंबाडा, आडवं धरलेलं बोट. तो ऐकत होता. मध्ये एकदा त्याने चष्मा काढून पुसला. सांगून संपलं तेव्हा पाऊस थांबलेला होता.

"ते चुकलंय, हे कधीपासून माहीत आहे?"

"तीन आठवडे."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी तुझंच चुकलंय असं वाटत होतं."

"मी परवाच लेख पाठवला. त्यात लिहिलंय, ज्याने हे छप्पर आखलं त्याने खरी गाडी कधी जवळून पाहिली नसावी." त्याने हातातलं मापक डबीत ठेवलं. कटर ठेवलं. चिमटा ठेवला. निघताना तो नेहमी याच क्रमाने ठेवायचा. "तुमच्या वडिलांबद्दल ऐकून... मला शब्द नाहीत. फार मोठा माणूस. पण एक सांगा."

'तुम्ही' तिने ऐकलं.

"सात रविवार तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. त्यातलं किती माझ्यासाठी होतं आणि किती छपरासाठी?"

"सगळं तुझ्यासाठी होतं."

"असेलही." तो उठला. "खरंच असेल. पण माझ्याकडे ते मोजायला काही नाही."

"काय विचारणार होतास?"

तो दारात थांबला. वळला नाही. नव्या शर्टाची पाठीवरची घडी तिला तेवढी दिसत होती.

"आता राहू दे," तो म्हणाला.

पुढच्या महिन्याचा अंक मॅनेजरांनीच तिच्या टेबलावर आणून ठेवला आणि एकदाही तिच्या डोळ्यांत न बघता निघून गेले. सदर एरवी दोन पानांचं असायचं, या वेळी अर्ध्या पानाचं होतं; आधी पाठवलेला लेख त्याने परत घेतलेला दिसत होता. पट्टीने ते उभ्याने वाचलं.

'ही गाडी मी सात रविवार एका व्यक्तीबरोबर बसून बांधली. तिनेच ती आखली होती, हे मला शेवटी कळलं. दोष: छप्पर अर्धा मिलीमीटर वर आहे. मी सोळा वेळा मोजलं आहे. ते मोजताना समोर जी व्यक्ती बसली होती ती मला आवडते. अजूनही आवडते. त्यामुळे या गाडीबद्दलचं माझं मत वाचकांनी धरू नये, आणि यापुढे मी हे सदर लिहू नये हेच योग्य. मला विचाराल तर ते छप्पर मी खाली आणलं नसतं. पण मला विचारू नका.'

खाली नेहमीचं टोपणनाव होतं. पट्टी खाली बसली. इतकी वर्षं लोक ज्याच्या शब्दावर डोळे मिटून खोके घेत होते, त्याने आपला शब्द स्वतःच मोडीत काढला होता, आणि तो तिच्यापायी. अख्ख्या देशातल्या वाचकांसमोर त्याने जे सांगितलं ते तिला एकटीला सांगायला तो नवा शर्ट घालून आला होता, आणि तिने ते ऐकून घेतलं नव्हतं. टेबलावर डोकं ठेवून ती रडली. कोणी बघतंय का याची तिला पर्वा नव्हती.

साचा बदलायचा हुकूम आठवडाभरात आला. मत धरू नका म्हटलं तरी माप ते माप. मॅनेजर म्हणाले, हे काम दुसऱ्या कोणाला देतो. ती म्हणाली, नको, मीच करते. परक्या हाताने ते व्हायला नको होतं. तिने जुना नकाशा काढला, छपराच्या रेषेवर पट्टी ठेवली आणि नवी रेषा अर्धा मिलीमीटर खाली आखली. एवढंसं काम, पण त्याला तिला अख्खा दिवस लागला.

रविवारी ती दुकानात गेली. मागच्या खोलीतलं टेबल पुसून स्वच्छ केलेलं होतं. काकांनी गल्ल्याखालून एक पुठ्ठ्याची पेटी काढून तिच्यापुढे ठेवली.

"शुक्रवारी गेला. बदली त्यानेच लवकर मागून घेतली. पत्ता विचारलास तर देऊ नको म्हणालाय, तेव्हा विचारू नकोस बाई, मला खोटं बोलता येत नाही." काका गल्ल्यावरची धूळ उगाचच झटकत राहिले. "राग नाही म्हणाला. म्हणाला, मापाचा नियम तिला माहीत आहे."

"कोणता नियम..." ती पुटपुटली, आणि तिला तो आठवला. बरोबर भरलं तरी शिक्का मारायचा नाही.

"त्याने आणखी एक खोका घेतला माझ्याकडून," काका म्हणाले. "नुसत्या काचेसाठी. अख्खा आठवडा इथे बसून होता. चांगली बांधलेली गाडी फोडली आणि पुन्हा जोडली."

पेटी तिने घरी जाऊन उघडली, आईसमोर. दुधी आणि शेवाळी कासव, तेच. पण काच लख्ख होती. धुक्याचा मागमूस नव्हता. आणि पुढच्या सीटवर, चालकाशेजारी, एक बाई बसली होती. पुट्टी मळून केलेली, बोटाच्या पेराएवढी, ताठ. तिच्या डोक्यावर उंच अंबाडा होता. तळाला गाडीखाली, जिथे तो नेहमी दोषांची चिठ्ठी चिकटवायचा, तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'दोष: छपरात नाही. हिला पुरेशी जागा आहे, मी मोजलं. तू विचारलंस म्हणून सांगतो, मी विचारणार होतो की माझ्याबरोबर येशील का.'

आईने चष्मा लावला आणि गाडी उजेडात धरली. पुष्कळ वेळ ती आत बघत राहिली.

"ही मी आहे," ती म्हणाली. "कोणी केली?"

"होता एक जण."

"कुठे आहे?"

"गेला, आई. माझ्यामुळे गेला."

आईने गाडी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि पट्टीचं डोकं मांडीवर ओढून घेतलं, लहानपणी घ्यायची तसं. तिच्या केसांतून बोटं फिरवत म्हणाली, "तुझ्या वडिलांनी अख्ख्या जन्मात मला कधी म्हटलं नाही, तू मला आवडतेस म्हणून. छप्पर तेवढं वर केलं. तुझ्या वाट्याला सांगणारा आला होता, बाळा."

पट्टीला हुंदका आला. मांडीवरून तिला गाडी आडवी दिसत होती. खिडकीतून येणारा उजेड एका काचेतून शिरून दुसरीतून बाहेर पडत होता, आणि अंबाडा आणि छप्पर यांच्या मधून केसाएवढी एक उजेडाची रेघ आरपार गेली होती. नव्या लॉटमध्ये ती दिसणार नव्हती. उजेड असेपर्यंत दोघी ती बघत बसल्या.